चालू हंगामातून तीन संघ वजा : युरोलीग २०२१-२२

साखळी स्पर्धा निम्म्याहून बरीच पुढे गेलेली असताना अठरापैकी तीन संघांना बाहेर काढावे लागले, तर त्या तिघांनी तोवर खेळलेल्या सामन्यांचे काय करायचे? हा प्रश्न युरोपातील व्यावसायिक बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या स्पर्धेपुढे, म्हणजे युरोलीगपुढे, २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उभा राहिला. त्या हंगामाची आठवण निघाली की बहुतेक चर्चा निलंबन योग्य की अयोग्य याच मुद्द्यावर थांबते. या टिपणाचा रोख वेगळा आहे. माझ्या मते निलंबनाचा निर्णय बाहेरच्या परिस्थितीने जवळजवळ करूनच दिला होता. लीगला स्वतःच्या डोक्याने घ्यावा लागलेला खरा निर्णय मोजणीचा होता, आणि अभ्यासण्याजोगे जे काही आहे ते तिथेच आहे.

क्लब, तारखा आणि निकाल सार्वजनिक नोंदीतले असल्याने ते नावानिशी दिले आहेत. हंगामाच्या मध्येच करार सोडून गेलेल्या खेळाडूंची नावे मात्र मुद्दाम दिलेली नाहीत, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाची अडचण वेगळी होती आणि इथल्या मुद्द्याला त्या नावांची गरज नाही.

पार्श्वभूमी

युरोलीग ही देशांच्या संघांची स्पर्धा नाही, ती क्लबांची आहे. प्रत्येक क्लब आपापल्या देशातील लीगमध्ये खेळतोच, आणि त्याखेरीज आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, विमानाने दुसऱ्या देशात जाऊन किंवा पाहुण्यांना आपल्याकडे बोलावून युरोलीगचा सामना खेळतो. २०२१-२२ मध्ये अठरा क्लब होते. स्पेनचे तीन, रशियाचे तीन, तुर्कस्तान, ग्रीस, जर्मनी आणि फ्रान्सच्या लीगमधून प्रत्येकी दोन, आणि इटली, इस्राएल, लिथुआनिया व सर्बिया यांचा प्रत्येकी एक. (फ्रान्सच्या लीगमधून आलेल्या दोघांपैकी एक मोनाको हा तर स्वतंत्र संस्थानाचा क्लब.) रशियाचे तीन क्लब म्हणजे मॉस्कोचा सीएसकेए, सेंट पीटर्सबर्गचा झेनित आणि कझानचा उनिक्स.

स्पर्धेची त्या वेळची रचना सोपी होती आणि या प्रकरणात तीच कळीची ठरली. प्रत्येक क्लब इतर सतरा क्लबांशी दोनदा खेळायचा, एकदा घरी आणि एकदा परगावी. म्हणजे प्रत्येकाचे ३४ सामने आणि एकूण ३०६. त्यातून पहिले आठ क्लब प्ले-ऑफमध्ये जायचे, तिथे पाचांपैकी तीन सामने जिंकणारा पुढे जायचा, आणि उरलेले चार क्लब एकाच शहरात, एकाच आठवड्यात ‘फायनल फोर’ खेळायचे. पहिल्या चारांत आलेल्याला प्ले-ऑफमध्ये घरच्या मैदानाचा लाभ मिळायचा, त्यामुळे चौथा आणि पाचवा क्रमांक यांत फरक होता. आठवा आणि नववा यांत तर सगळ्या हंगामाचा.

आणखी दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. एक म्हणजे ही लीग जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, छत्राखाली चालत नाही. २००० साली क्लबांनी ती वेगळी काढली आणि तेव्हापासून दोघांमधले ताण कधी कमी तर कधी जास्त होत आले आहेत. त्यामुळे वरून आदेश येईल आणि आपण तो पाळू, अशी सोय तिला नव्हती. दुसरी म्हणजे लीगची मालकी दीर्घकालीन परवाना असलेल्या मोठ्या क्लबांच्या हाती आहे, आणि त्या भागधारकांमध्ये सीएसकेए होता. झेनित आणि उनिक्स यांचे तसे नव्हते. उनिक्स तर आदल्या वर्षी दुय्यम स्पर्धेच्या, म्हणजे युरोकपच्या, अंतिम फेरीत मोनाकोकडून हरूनही तिथवर पोहोचल्याच्या बळावर वर आला होता. सीएसकेए मात्र २०१६ आणि २०१९ चा विजेता आणि या घरचाच माणूस.

हंगाम तसाही सुरळीत चालला नव्हता. हिवाळ्यात करोनाची लाट आली, सामने पुढे ढकलले गेले, आणि फेब्रुवारीपर्यंत गुणतक्त्यात कुणाचे सामने जास्त तर कुणाचे कमी झालेले होते. ‘फायनल फोर’ बर्लिनला व्हायची होती, ती जर्मनीतील प्रेक्षकसंख्येच्या निर्बंधांमुळे बेलग्रेडला हलवली गेली. दोनच वर्षांपूर्वी, २५ मे २०२० रोजी, याच लीगने २८ फेऱ्या झालेला हंगाम विजेता न ठरवता सोडून दिला होता. त्यामुळे पुन्हा तसे होऊ द्यायचे नाही, ही इच्छा सगळ्यांच्याच मनात असणार, हे समजण्यासारखे आहे.

अडचण

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. तो गुरुवार होता, आणि युरोलीगचे सामने साधारणपणे गुरुवारी व शुक्रवारीच होतात. म्हणजे विचार करायला आठवडा तर सोडाच, एक दिवसही मिळाला नाही. पहिला प्रश्न तात्त्विक नव्हता, साधा प्रवासाचा होता. ठरलेल्या सामन्यांसाठी रशियात जायचे की नाही? जाण्याची तयारी नसलेल्या क्लबांवर सक्ती करणे शक्य नव्हते, आणि रशियातील सामने लगेच पुढे ढकलावे लागले. त्याच शनिवार-रविवारी युरोपीय संघाने रशियन विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि रशियानेही उलट तसेच केले. आता मॉस्कोहून बार्सिलोनाला संघ न्यायचा तर इस्तंबूल किंवा बेलग्रेडवरून वळसा घालावा लागणार होता, तोही आठवड्यातून एकदा, आणि पुढे दुसऱ्या दिवशीच्या सरावाचे वेळापत्रक सांभाळून.

२८ फेब्रुवारीला, सोमवारी, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना स्पर्धांत घेऊ नये अशी शिफारस केली, आणि फुटबॉलच्या दोन्ही मोठ्या संघटनांनी रशियन संघांना निलंबित केले. त्याच दिवशी युरोलीगनेही सीएसकेए, झेनित आणि उनिक्स यांचे, तसेच युरोकपमधील क्रास्नोदारच्या लोकोमोतिव्ह कुबानचे, सामने स्थगित केले.

फुटबॉलचे काम त्यामानाने सोपे होते. तिथे त्या वेळी युरोपा लीगची बाद फेरी चालू होती, स्पार्टाक मॉस्कोची गाठ लाइपझिगशी होती, आणि लाइपझिगला पुढे चाल मिळाली. विषय संपला. बाद फेरीत एक संघ गेला तर त्याचा परिणाम एकाच प्रतिस्पर्ध्यावर होतो. साखळीत तो सगळ्यांवर होतो, आणि सगळ्यांवर सारखा होत नाही.

तिन्ही रशियन क्लब प्ले-ऑफच्या शर्यतीत होते, ही आणखी एक गुंतागुंत. तळाशी असलेले संघ गेले असते तर कुणी फारशी आकडेमोड केली नसती. इथे मात्र वरच्या आठांतील जागांसाठी झगडणारे तीन जण एकदम कमी होत होते, आणि उरलेल्या पंधरांपैकी प्रत्येक जण आपल्या वहीत बेरीज-वजाबाकी करत बसला असणार.

मोजणीचे पर्याय

कागदावर पर्याय चार होते. पहिला म्हणजे रशियन क्लबांना खेळू द्यायचे, पण त्यांचे घरचे सामने रशियाबाहेर, तटस्थ गावी घ्यायचे. हा विचार अगदी सुरुवातीला पुढे आला होता. बेलग्रेड आणि इस्तंबूल इथे विमाने जातच होती, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या तो अशक्य नव्हता. परंतु प्रतिस्पर्धी क्लब त्यांच्याशी खेळायला मैदानात उतरतील का, आणि उतरले तरी प्रेक्षक, प्रायोजक आणि त्या त्या देशांची सरकारे काय म्हणतील, या प्रश्नांपुढे तो टिकला नाही. उरलेले तीन पर्याय हिशेबाचे होते, आणि ते एखाद्या उदाहरणाशिवाय नीट कळत नाहीत.

समजा, ‘क’ आणि ‘ख’ असे दोन क्लब आहेत. (आकडे कल्पित आहेत, रचना खरी.) दोघांचेही २६ सामने झाले आहेत. ‘क’ने १३ जिंकले, १३ हरले. ‘ख’ने १२ जिंकले, १४ हरले. म्हणजे ‘क’ एका विजयाने पुढे. दोघांनीही रशियन क्लबांशी होणाऱ्या सहापैकी पाच सामने खेळून घेतले आहेत. त्यांत ‘क’ने चार जिंकले आणि एक गमावला, तर ‘ख’ने पाचही गमावले.

आता झालेले निकाल कायम ठेवून न झालेल्या सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल द्यायची ठरवली, तर दोघांनाही एकेक विजय मिळेल आणि ‘क’ १४-१३, ‘ख’ १३-१४ असे राहतील. क्रम तोच. पण शेजारच्या ‘ग’ने करोनामुळे रशियन क्लबांशी दोनच सामने खेळले असतील, तर त्याला चार विजय फुकट मिळतील. लाट कुणाच्या ड्रेसिंग रूममध्ये केव्हा शिरली यावर प्ले-ऑफ ठरणार.

झालेले निकाल ठेवायचे, न झालेले सोडून द्यायचे, आणि क्रम विजयांच्या टक्केवारीवर लावायचा, हा पुढचा पर्याय. ‘क’ ५० टक्के, ‘ख’ ४६.२ टक्के. दिसायला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण घाम गाळून मिळवलेले काही पुसले जात नाही. परंतु त्यात एकाने बलाढ्य सीएसकेएशी दोनदा झुंज दिलेली असते, दुसऱ्याने एकदाही नाही, आणि तरीही दोघांची टक्केवारी एकाच रांगेत लावायची असते.

शेवटचा पर्याय म्हणजे तिन्ही क्लबांशी झालेले सगळे सामने, जिंकलेले असोत वा हरलेले, गुणतक्त्यातून वजा करायचे. तसे केले की ‘क’ ९-१२ वर येतो आणि ‘ख’ १२-९ वर. काल एका विजयाने मागे असलेला ‘ख’ आज तीन विजयांनी पुढे. दोघांनीही त्या रात्री चेंडूला हात लावलेला नाही. ‘क’च्या प्रशिक्षकाला हे कुणी आणि कोणत्या तोंडाने सांगायचे?

बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना हा पेच नवा वाटणार नाही. साखळी स्पर्धेत खेळाडूने मध्येच माघार घेतली, तर बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमानुसार त्याने निम्म्यापेक्षा कमी डाव खेळलेले असल्यास ते अंतिम क्रमवारीत धरत नाहीत. निम्मे किंवा अधिक खेळलेले असल्यास ते कायम ठेवतात आणि उरलेल्या डावांचे गुण प्रतिस्पर्ध्यांना देतात. पुण्या-मुंबईतल्या स्पर्धांचे पंचसुद्धा हा नियम तोंडपाठ सांगतील. रशियन क्लबांनी निम्म्याहून बरेच अधिक सामने खेळले होते. म्हणजे बुद्धिबळाच्या पटावर हे प्रकरण असते, तर निकाल कायम राहिले असते आणि ‘ग’ला चार विजय फुकट मिळाले असते.

घेतलेला निर्णय

२८ फेब्रुवारीचे निलंबन तात्पुरते होते. दार पूर्ण लावलेले नव्हते. त्यानंतरचे तीन आठवडे उरलेले पंधरा क्लब आपापसांतले सामने खेळत राहिले, आणि ज्या तारखांना रशियन क्लबांशी सामने होते त्या रिकाम्या गेल्या. कुणाला ऐन मार्चमध्ये आठवडाभराची विश्रांती मिळाली, कुणाला नाही. हा लाभ कोणत्याच तक्त्यात दिसत नाही, पण दुखऱ्या गुडघ्याने खेळणाऱ्या तिशीपुढच्या खेळाडूला तो विचारून पाहावा.

२२ मार्च रोजी भागधारक क्लबांच्या कार्यकारी मंडळाने शिक्कामोर्तब केले. निलंबन हंगाम संपेपर्यंत राहील आणि तिन्ही क्लबांचे सर्व निकाल रद्द धरले जातील. ३०६ पैकी ९६ सामने हिशेबातून गेले. त्यांपैकी सहा तिघांचे आपापसांतले, उरलेले नव्वद इतरांशी, आणि या नव्वदांत झालेलेही आले व न झालेलेही.

मला हा निर्णय उपलब्ध पर्यायांमधला सर्वांत बरा वाटतो. कारण एवढेच की वजाबाकीनंतर जो तक्ता उरला, तो स्वतःपुरता पूर्ण होता. पंधरा क्लब, प्रत्येकाचे २८ सामने, चौदा घरी, चौदा परगावी, एकूण २१०, आणि प्रत्येक जोडी दोनदा समोरासमोर आलेली. जणू ही पंधरा संघांचीच स्पर्धा पहिल्यापासून भरवली होती. युरोलीगमध्ये दोन संघांचे विजय सारखे झाले तर आधी त्यांच्या आपसांतल्या दोन सामन्यांकडे बघतात, आणि तो निकष या वजाबाकीने कुठेही बिघडत नव्हता. टक्केवारीच्या किंवा पुढे चाल देण्याच्या पर्यायात असा पूर्ण तक्ता कधीच मिळाला नसता.

किंमत मात्र द्यावी लागली, आणि ती ‘क’सारख्यांनी दिली. खेळलेला सामना न खेळलेला ठरवणे ही खेळाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे मे २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावामुळे धरमशाला इथला पंजाब आणि दिल्ली यांच्यातला आयपीएल सामना मध्येच थांबवावा लागला, तेव्हा पंजाबची १०.१ षटकांत १ बाद १२२ अशी घोडदौड चालू होती. दोन आठवड्यांनी जयपूरला तो सामना पहिल्या चेंडूपासून नव्याने खेळवला गेला. पंजाबच्या सलामीवीरांना त्या १२२ धावांचे जे वाटले असेल, तेच इथे अनेक संघांना पाच-पाच सामन्यांचे वाटले असणार. फरक इतकाच की त्यांना पुन्हा खेळायला मिळाले नाही.

परिणाम

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साखळी संपली तेव्हा बार्सिलोना २१ विजयांसह पहिला होता. त्याच्यामागे ऑलिंपियाकोस, मिलानो, रेआल माद्रिद, मकाबी तेल अवीव, एफेस, मोनाको आणि बायर्न म्युनिक. आदल्या वर्षीचा विजेता असूनही इस्तंबूलचा एफेस १६-१२ अशा माफक कामगिरीवर सहावा आला होता. म्हणजे प्ले-ऑफमध्ये घरचे मैदान त्याच्या वाट्याला नव्हते.

प्ले-ऑफनी एक शंका बऱ्याच अंशी दूर केली. तीन बलवान संघ गेल्यामुळे उरलेली स्पर्धा पोकळ होईल, असे बोलले जात होते. प्रत्यक्षात आठव्या बायर्नने पहिल्या बार्सिलोनाला पाचव्या सामन्यापर्यंत खेचले, आणि सातव्या मोनाकोने दुसऱ्या ऑलिंपियाकोसलाही. एफेसने मिलानोला ३-१ असे हरवले. फक्त रेआल माद्रिदचे काम ३-० असे झटपट झाले.

बेलग्रेडला १९ मे रोजी एफेस आणि ऑलिंपियाकोस यांचा उपांत्य सामना ७४-७४ असा बरोबरीत असताना शेवटचे काही सेकंद उरले होते. चेंडू एफेसच्या वासिलिये मिचिचच्या हातात होता. तो घाई न करता तीन गुणांच्या रेषेबाहेरच राहिला आणि घड्याळ संपता संपता त्याने चेंडू सोडला. ७७-७४. मिचिच सर्बियाचा, सभागृह बेलग्रेडचे. दुसऱ्या उपांत्य सामन्यात रेआलने बार्सिलोनाला ८६-८३ असे घालवले, आणि २१ मे रोजी एफेसने रेआलला ५८-५७ असे एका गुणाने हरवून लागोपाठ दुसऱ्यांदा करंडक उचलला. अंतिम सामन्यात दोन्ही संघ साठीही गाठत नाहीत, हे आजकाल क्वचित घडते.

सहाव्या क्रमांकाचा संघ विजेता झाला, त्यामुळे निकाल रद्द झाले नसते तर एफेस प्ले-ऑफमध्ये आला असता का, असा प्रश्न लगेच विचारला गेला. या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ते शोधण्याचा खटाटोप व्यर्थ आहे असे मला वाटते. न झालेले सामने कुणी जिंकले असते हे ठरवल्याशिवाय पर्यायी तक्ता बनतच नाही, आणि ते ठरवले की तो तक्ता बनवणाऱ्याच्या कलाप्रमाणेच बनतो.

रशियन क्लबांकडच्या परदेशी खेळाडूंपैकी काही जण निलंबनानंतर लगेच, काही जण त्याही आधी निघून गेले. काही मात्र थांबले. या क्लबांची दुसरी आंतरदेशीय स्पर्धा, रशियाकेंद्रित व्हीटीबी युनायटेड लीग, चालूच राहिली, पण तिथूनही पोलंडचा झिएलोना गुरा आणि एस्टोनियाचा कालेव बाहेर पडले. म्हणजे तीच वजाबाकी दुसऱ्या बाजूनेही झाली, फक्त तिथे जाणारे वेगळे होते. जूनमध्ये झेनितने सीएसकेएला हरवून त्या लीगचे पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या हंगामात युरोलीगच्या तीन रिकाम्या जागा व्हिर्टुस बोलोन्या, पार्टिझान बेलग्रेड आणि वालेन्सिया यांनी भरल्या. खेळाडूही पांगले. विल क्लायबर्न सीएसकेएतून एफेसला, मारियो हेझोन्या उनिक्समधून रेआल माद्रिदला आणि त्याचाच सहकारी लोरेन्झो ब्राउन मकाबीला गेला. ज्या संघांच्या निकालांवर मार्चमध्ये काट मारली गेली, त्यांचेच खेळाडू शरद ऋतूत त्याच स्पर्धेत वेगळ्या रंगांचे बनियन घालून खेळत होते.

वेगळे काय करता आले असते

मोजणीचा निर्णय बरोबर असला तरी तो घेतला गेला तेव्हा तक्ता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक भागधारकाला ठाऊक होते की कोणत्या पद्धतीने आपण वर जातो आणि कोणत्या पद्धतीने खाली. मंडळाने प्रामाणिकपणे विचार केला असेल, नाही असे मी म्हणत नाही. पण ज्याचे नुकसान झाले त्याला ते पटवून देणे अशा वेळी अवघड जाते. हाच नियम सप्टेंबर २०२१ मध्ये, पहिल्या फेरीपूर्वी, स्पर्धेच्या नियमावलीत ठळकपणे असता, तर ‘क’च्या प्रशिक्षकाला कुणाचे तोंड बघावे लागले नसते. महामारीने तशी संधी दिलीही होती. संघाकडे खेळाडू पुरे नसले तर काय करायचे, याचे नियम त्या काळात बारकाईने लिहिले गेले. एखाद्या संघाला दोन आठवडे खेळता आले नाही तर काय, याचा विचार झाला. संघ हंगामाच्या दोन-तृतीयांशावर कायमचाच गेला तर काय, या प्रश्नाकडे तितक्या बारकाईने पाहिले गेल्याचे दिसत नाही.

बुद्धिबळाचा निम्म्याचा नियम जसाच्या तसा उचलून इथे चालला नसता, हेही सांगायला हवे. बुद्धिबळात सगळे जण एकाच दिवशी एकच फेरी खेळतात, त्यामुळे माघार घेणाऱ्याशी कुणाचा डाव झाला आणि कुणाचा राहिला हे आधी ठरलेल्या क्रमानुसारच असते. बास्केटबॉलच्या दुहेरी साखळीत, तेही पुढे ढकललेल्या सामन्यांच्या वर्षी, ते नशिबावर जाते. एक मधला मार्ग मला सुचतो. दुहेरी साखळीचा पहिला अर्धा भाग सर्वांचा पूर्ण झालेला असेल, म्हणजे प्रत्येकाने गेलेल्या संघाशी निदान एकेकदा खेळून घेतलेले असेल, तर ते पहिले सामने मोजायचे आणि दुसरे वगळायचे. ‘क’ची निम्मी कमाई त्यात वाचली असती. घर आणि परगाव यांचा तोल मात्र बिघडला असता, कारण एकाने सीएसकेएशी मॉस्कोत खेळलेले आणि दुसऱ्याने आपल्या गावी; आणि मॉस्कोत जाऊन जिंकणे ही काही सोपी गोष्ट नव्हती. त्यामुळे हाही मार्ग निर्विवाद नाही.

सीएसकेएच्या भागधारक असण्याचा मुद्दा यापेक्षा नाजूक आहे. ज्या क्लबाविषयी निर्णय घ्यायचा तो मालकांच्या मंडळींपैकीच एक, आणि उरलेले मालक त्याचे प्रतिस्पर्धी. त्याच्या जाण्याने त्यांच्यापैकी काहींचा सरळ फायदा होणार. अशा वेळी निदान मोजणीची पद्धत ठरवण्याचे काम क्लबांबाहेरच्या दोन-तीन जाणकारांकडे सोपवता आले असते. एखाद्या सहकारी बँकेच्या संचालकाच्या कर्जाचा विषय निघाला की त्याने बैठकीतून उठून जावे अशी अपेक्षा असते. इथे एका दृष्टीने सगळेच संचालक कर्जदार होते.

तटस्थ मैदानाच्या पर्यायाकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावे लागते, कारण दीडच वर्षाने तो त्याच लीगने वापरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर मकाबी तेल अवीवला आपल्या गावी सामने घेणे अशक्य झाले, आणि क्लबाने आपले ‘घर’ बेलग्रेडला हलवले. दोन प्रसंगांची तुलना जपून केली पाहिजे. २०२२ मध्ये प्रतिस्पर्धी क्लब रशियन संघांसमोर उभे राहायलाच तयार होतील की नाही हा प्रश्न होता, आणि निर्बंधांमुळे पैशांची देवघेवही अडली असती. २०२३ मध्ये मुख्य अडचण सुरक्षिततेची आणि प्रवासाची होती. तरीही यजमान शहर, सभागृहाचे भाडे, प्रेक्षकांविना किंवा मोजक्या प्रेक्षकांत सामना, प्रवासाचा खर्च कुणी उचलायचा, या सगळ्या गोष्टींची घडी एकदा बसवता येते, हे तेव्हा दिसून आले. मकाबीने ते सामने आपल्या समर्थकांपासून शेकडो मैल दूर खेळले; वेळापत्रक दाटले, थकवा वाढला. पण २०२३-२४ मध्ये अठराही क्लबांच्या ३४ फेऱ्या झाल्या, आणि गुणतक्त्यातून एकही सामना वजा करावा लागला नाही.